वकिलीण आणि दगडी दार

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर भाजलेल्या शेंगा खात एका मेलेल्या राजाशी भांडलो. भांडली ती, मी टरफलं गोळा केली. लेकीनं दिलेल्या मोबाइलवर इजिप्तमधल्या उत्खननाचा कार्यक्रम चालू होता. डोंगरात राजाची कबर सापडली होती. पायऱ्या उतरून माणसं एका बंद दगडी दारापाशी पोचली आणि नेमका तिथं नेटचा पॅक संपला.

"आत सोनं असंल," मी म्हणालो.

"डोंबल असंल. चोर कवाच येऊन गेले असतील."

"लाव पैज."

"लावली. हरंल त्यानं सकाळचा च्या करायचा. आन् माझ्याबिगर तुमी म्होरलं बघायचं न्हाई."

ही माझी बायको. गावात तिला वकिलीण म्हणायचे, कारण ती कुणाचीही बाजू घेऊन भांडायची, बहुतेक वेळा माझ्या विरुद्ध. शाळा आम्हा दोघांचीही चौथीत सुटलेली. एकदा केजच्या तहसीलात साहेब तिला म्हणाला, "बाई, जरा यांना बोलू द्या." ती म्हणाली, "यांना बोलता आलं असतं तर मी कशाला आले असते, सायब?" साहेब हसला आणि काम झालं. कपिलधारच्या यात्रेत दर्शनाच्या रांगेत एक पुढारी मध्येच घुसला, तर त्याचा सदरा धरून म्हणाली, "देवाला घाई न्हाई, तुमालाच कावून झाली?"

इजिप्तच्या राजाचा तर तिनं निकालच लावला होता. त्यानं आपलं देऊळ खाली सपाटीला बांधलं आणि कबर लांब डोंगरात लपवली, हे कळल्यावर म्हणाली, "देऊळ हितं, मढं तितं. लोकांनी निवद दावायचा कुठं?" कबरीत पलंग, रथ, खाणंपिणं ठेवायचे, त्यावर तिचं म्हणणं, "एवढा संसार न्यायचा हुता तर मेला कशाला?" तिथले संशोधक मात्र तिला आवडायचे. ते बारीक ब्रशनं माती झाडायला लागले की ती गप्प व्हायची. "हळू हात हाय," म्हणायची. "मेलेल्या माणसाला असाच हात लावावा."

त्या रात्री झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल. लोक म्हणाले, देवाची मर्जी. माझी नव्हती. मला कुणी विचारलं नाही.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. शेतात खड्डा घेऊन माणसाला बसवतात. तिला उतरवताना पोरं घाई करत होती. मी म्हणालो, "हळू धरा बे. ती काय उसाची मोळी हाय?" सगळे थांबले. मग मीच खाली उतरलो, गुडघे दुखत असताना. तिच्या कपाळावर माती पडली होती, ती उपरण्याच्या टोकानं झाडली.

थोरला भाऊ म्हणाला, "आता तिसऱ्या दिवसापतोर हिकडं फिरकायचं न्हाई. रीत हाय."

"तिला इचारलंस का?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी चहा केला. दुकानात जाऊन मोबाइलमध्ये पॅक मारला. किटली आणि दोन कप घेऊन शेतात गेलो, ताज्या मातीशेजारी मांडी घातली आणि कार्यक्रम लावला, आवाज मोठा करून. दगडी दार निघालं. आत फुटकी मडकी, शवपेटीचं उलथं पडलेलं झाकण, कोपऱ्यात वाळलेल्या फुलांचा हार. सोन्याचा कणही नाही. चोर कवाच येऊन गेलते.

भाऊ बांधावरून तरातरा आला. "खुळा झालास का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. पैज हरलो, च्या द्यायला आलोय."

एक कप भरून तिच्याकडं सरकवला. दुसऱ्यातला घोट घेतला. साखर लई पडली होती.

"ये," म्हणालो. "भांड आता."