शिवेवरची खिडकी

आमच्या ॲशकोम गावात दर मे महिन्यात सगळे मिळून गावाची शीव चालतात, म्हणजे ती कुठून जाते ते कुणी विसरत नाही. पाद्रीबाई पुढे, गाव मागे, प्रत्येकाच्या हातात काठी. शिवेचा दगड आला की तो काठीने बडवायचा आणि पुढे निघायचं. पण जुनी बेकरी कुणीतरी बरोबर शिवेवरच बांधून ठेवली आहे. शीव तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरते आणि मागच्या दाराने बाहेर पडते. बाकीचे वळसा घालून जातात. गावातलं एक माणूस मात्र खिडकीतूनच जातं. आधी बेरिल स्टकीचे वडील जायचे, ते वारल्यापासून बेरिल.

बेरिलने आयुष्यभर शाळेतल्या मुलांना जेवण वाढलं. एकटी राहते, जॅम सुरेख करते, विचारल्याशिवाय कुणाला सल्ला देत नाही. गेल्या हिवाळ्यात तिचा गुडघा बदलला, म्हणून पाद्रीबाईंनी काळजीपोटी जाहीर केलं, यंदा खिडकी राहू दे.

बेरिल तडक माझ्याकडे आली.

"पाणथळीतला दगड एका पावसाळी वर्षी असाच राहू दिला होता," ती म्हणाली. "आज कुठे आहे तो, सांग."

तो दगड आता कुणालाच सापडत नाही.

"खिडकीचंही तेच होईल."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायला लागली. माझ्या दोन कुंड्या फुटल्या, तिचं कोपर सोलवटलं. डॉक्टरांना विचारलंस का, म्हटलं, तर म्हणाली, "गुडघा वाकवत राहा म्हणालेत. वाकवतेय."

शिवेच्या दिवशी बेकरीचे नवे मालक लॉरेन्स दारातच उभे होते. माणूस भला.

"बाई, चहा टाकलाय. दारातून या की सरळ."

"तुमचं पुढचं दार शेजारच्या गावात येतं," बेरिल म्हणाली. "मला तिकडे काय काम?"

लोक हसले. तिचा शाळेपासूनचा मित्र लेन म्हणाला, "अगं, मध्येच अडकलीस तर शिवेचा दगड म्हणून दर वर्षी तुलाच बडवावं लागेल."

"बडव. आधी स्टूल धर."

चांगला पाय आत गेला. दुसरा दगडी चौकटीशी अडला, आणि ती खिडकीत घोड्यावर बसल्यासारखी बसून राहिली. चेहरा पांढरा पडला होता. पाद्रीबाई पुढे झाल्या.

"बेरिल, एवढं पुरे आहे. शीव ओलांडलीस तू."

"अर्धीच," ती म्हणाली. "हात नका लावू."

थोडा दम खाऊन तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला, झोपलेलं मूल उचलावं तसा हळूच उचलला आणि आत घेतला. लगेच आतून धप्प आवाज आला, मग पाण्याचा. खिडकीखालच्या सिंकमध्ये लॉरेन्सची भांडी धुवायची परात पाण्याने भरलेली होती.

आम्ही वळसा घालून मागे पोचलो तेव्हा ती मागच्या दारातून बाहेर येत होती, एक बूट पचपचत. तिने दाराबाहेरचा शिवेचा दगड तीनदा बडवला, नेहमीपेक्षा जरा जोरातच. मग लॉरेन्सकडे वळली.

"चहा चालेल आता. आणि पुढच्या वर्षी परात रिकामी ठेवा."

पाद्रीबाई काठी उचलून पुढच्या दगडाकडे निघाल्या.