हंसाच्या पिल्लाला काय म्हणतात?

“बरं. आणि पिल्लू?”

हा प्रश्न विचारताना अण्णा उजव्या हाताची तर्जनी वर करीत आणि उत्तर मिळेपर्यंत ती खाली घेत नसत. समोरच्याने घोड्याला हॉर्स म्हटलं की ते मान डोलवीत. “बरं. आणि मादी?” मेअर म्हटलं की बोट वर. “बरं. आणि पिल्लू?” त्या काळच्या कल्याणात फोल हा शब्द ठाऊक असलेला माणूस मिळणं मुश्कील होतं, आणि ज्याला ठाऊक असे त्यालाही तो कुठे वापरावा हे कळत नसे.

त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, नातवंडं नांदती आहेत. घरीदारी सगळे अण्णाच म्हणत. कल्याण स्टेशनच्या मालकचेरीत आम्ही दोघे कारकून, ते वयाने माझ्या वडिलांच्या जागी. राहायलाही शेजारी. जनावरांची रवानगी त्यांच्याकडे असे. घाटावरून मुंबईला मेंढरं जात, तिथल्या तबेल्यांसाठी म्हशी जात, छावण्यांकडे घोडे जात, साहेबांची कुत्री थंड हवेला जात. आणि ही सगळी जनावरं, मुलखातली का असेनात, कागदावर इंग्रजीतच गाडीत चढत.

त्यामुळे अण्णांचं इंग्रजी जनावरांपाशी सुरू होऊन जनावरांपाशीच संपत असे. नर, मादी, पिल्लू, खच्ची केलेला नर, न व्यालेली मादी, सगळं तोंडपाठ. क्रियापद मात्र एकही नाही. म्हणजे त्यांच्या इंग्रजीत जनावरं पुष्कळ होती, पण एकालाही उठून चालता येत नसे.

जे जनावर कल्याणला गाडीत चढलं नाही ते त्यांना एका पुस्तकात सापडलं होतं. कुणा मडमेच्या मुलाचं चित्रांचं पुस्तक डब्यात राहिलं, न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा बेवारस मालाच्या लिलावात अण्णांनी ते घेतलं. दुसरा कोणी बोलीच बोलला नाही. “साहेबाच्या पोरांचा पाया असा घालतात,” ते मला म्हणाले. “आधी बदक, मग कायदा. आपली पोरं उलटीकडून सुरू करतात म्हणून कारकून होतात.” आपण स्वतः कारकून आहोत, हे अशा वेळी त्यांच्या ध्यानात नसे.

त्यांची कीर्ती झाली ती एका घोड्यामुळे. वाहतुकीचा मोठा साहेब तपासणीला आला होता आणि धक्क्यावर एक घोडा रवाना व्हायचा होता. अण्णांनी लेखणी खाली ठेवली, पगडी एका हाताने धरली, धोतर सावरलं, आणि साहेबासमक्ष वाकून घोड्याच्या पोटाखाली नीट पाहिलं. मग उभे राहून कागदावर लिहिलं, गेल्डिंग. म्हणजे खच्ची केलेला घोडा. साहेब इतका हसला की त्याच्या तोंडातला चिरूट पडला. त्याने अण्णांचा खांदा थोपटला. तो का हसला याचा विचार करण्याचं आम्हा कोणाला कारण नव्हतं. खांदा थोपटला एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत अण्णा कल्याणातले थोर इंग्रजी पंडित झाले होते.

लोक इंग्रजी कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर येऊ लागले. अण्णा कागद वरपासून खालपर्यंत न्याहाळीत. त्यात एखादं जनावर आढळलं तर ठीक. नाही आढळलं तर घडी घालून परत देत आणि म्हणत, “यात विशेष काही नाही.” एका सोनाराला कोर्टाचं बोलावणं आलं होतं, त्यालाही हेच सांगितलं. त्यातलं विशेष सोनाराला पुढे ठाण्याच्या कोर्टात समजलं. तरी अण्णांच्या लौकिकाला धक्का लागला नाही. कोर्टाने तो कागद धड लिहिला नसावा, असंच गावाने ठरवलं.

हे सगळं गमतीचं होतं, आणि गमतीतच राहिलं असतं. पण अण्णांना एक मुलगी होती. गोदा. वरची दोन पोरं देवीने नेली, ही एक राहिली. संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले की ही दाराच्या आत बसून वाती वळी, आणि दोघांचं ते पुस्तक चाले. अण्णा बोट वर करीत, आतून उत्तर येई. मुलीला इंग्रजी शिकवलं म्हणून आळीने नावं ठेवली असती, पण ते इंग्रजी आहे असं बायकांना वाटलं नाही. मांजराचं न् कोंबडीचं काहीतरी चाललंय, एवढंच त्या म्हणत.

मुलगी लग्नाची झाली तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की जावई इंग्रजी जाणणारा हवा, आणि परीक्षा ते स्वतः घेतील. तुम्ही आम्ही सगळे जाणतो, त्या काळी कुळ बघत, पत्रिका बघत, घरात विहीर आहे की नाही ते बघत. नवऱ्यामुलाला समोर बसवून त्याला बकरीचं पिल्लू विचारणारा सासरा कल्याणाने पहिल्यांदाच पाहिला.

पहिला मुलगा मेंढीपाशी अडला. दुसऱ्याने गाईच्या पिल्लाला लहान गाय म्हणून सांगितलं. तिसरा तर मुंबईच्या कॉलेजात शिकत होता, दिसायला देखणा, घरचा बरा. तो विलायतेच्या राजांची नावं घडाघडा म्हणू लागला. अण्णांनी त्याला हाताने थांबवलं.

“राजे राहू द्या. हंसाच्या पिल्लाला काय म्हणतात?”

“हे आम्हाला लावलेलं नाही,” मुलगा म्हणाला.

“हंस लावला नाही? मग लावलं तरी काय?”

मुलगा गूळपाणी न घेता उठला. त्याच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो. हंस अण्णांनी जन्मात पाहिला नव्हता, कल्याणच्या धक्क्यावरून तो कधी गेला नव्हता. पण हंसापाशी सगळे गारद होत, म्हणून हंस त्यांचा लाडका.

असं करता करता गोदाच्या बरोबरीच्या मुली सासरी जाऊन माहेरपणाला येऊ लागल्या. अण्णांच्या घरी कोणी उघड काही बोलेना, पण बोलावणीही येईनाशी झाली. हळदीकुंकवाला आळीतलं एक घर गाळून बायका पुढे जाऊ लागल्या. काकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, विहिरीवर बायका जागा करून देत आणि त्या आल्या की गप्प होत. काकू मग भर दुपारी, विहिरीवर कोणी नसे तेव्हा, पाण्याला जाऊ लागल्या.

एकदा माझ्यादेखत काकूंचा तोल गेला. “पोर घोडनवरी झाली,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही बसा घोड्याचं इंग्रजी विचारीत.”

“अजाण माणसाच्या गळ्यात बांधू काय तिला?” अण्णा म्हणाले.

“तुम्हाला बांधायचीच नाही. सरळ तसं म्हणा.”

मला त्या क्षणी त्यांची सगळी परीक्षा उलगडली, आणि त्यांचा राग आला, आणि दयाही आली. दोन पोरं गेलेल्या माणसाने तिसऱ्या पोराच्या दाराला कुलूप घातलं होतं, आणि किल्ली अशा पक्ष्याच्या पिसांत लपवली होती की जो कोकणपट्टीत उतरतच नाही.

शेवटी हे लग्न जुळवायचा विडा उचललेल्या भटजींनी डोकं चालवलं. इतकी स्थळं मोडल्यावर त्यांच्या अब्रूचाही प्रश्न होता. अण्णांचे प्रश्न आता अख्ख्या गावाला ठाऊक झाले होते. भटजींनी ते सगळे शब्द माझ्याकडून ओळीने उतरवून घेतले आणि ठाण्याचा एक मुलगा पकडला. घर बरं, बाळकुमला थोडी भातशेती, मुलगा कोर्टाच्या कामात उमेदवार. भटजींना शिकवण्याची एकच रीत येत होती. त्यांनी त्याला ते शब्द रुद्र शिकवावा तसे स्वर लावून, संथा देऊन पाठ करून घेतले.

मुलगा वडिलांबरोबर आला. मांडी घातली, डोळे मिटले, आणि हॉर्स मेअर फोल पासून सुरुवात केली. खालचे वरचे स्वर जिथल्या तिथे. काउला हात खाली, काफला हात वर. मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून बसलो होतो. भटजी मात्र कृतार्थ होऊन ठेका धरीत होते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोट वर केलं. “छान. आता मधलंच सांगा. हंसाच्या पिल्लाला काय म्हणतात?”

मुलाने डोळे उघडले. संथा मधूनच कुठून सुरू करायची? तो पुन्हा पुटपुटत घोड्यापासून निघाला. गाय गेली, मेंढी गेली, बकरी गेली. बदकापर्यंत आला आणि तिथे ओळ तुटली. पुन्हा घोडा. पुन्हा बदक. कपाळावर घाम आला. त्याचे वडील छताकडे बघू लागले. भटजींचे ओठ हलत होते, पण अण्णांची नजर त्यांच्यावरच होती. आता अण्णा हात जोडणार आणि “योग नाही” म्हणणार हे मला दिसत होतं. हेही स्थळ मोडलं तर पुढे कोणी या घराची पायरी चढणार नव्हतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

“सिग्नेट.”

आवाज स्वयंपाकघराच्या दाराआडून आला. हळू होता, पण स्वच्छ होता. आणि तो काकूंचा नव्हता.

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर उपवर मुलीने आतून तोंड उघडायचं, तेही इंग्रजीत, हे तेव्हा काय होतं ते आजच्यांना सांगून समजायचं नाही. एवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडत. अण्णांचं बोट हवेत तसंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी संताप पाहिला, मग तो कुठे गेला कळलं नाही. इतकी वर्षं या प्रश्नाला आतूनच उत्तर येत असे. पण आज तिने ते दुसऱ्याच्या पदरात टाकलं होतं.

“आतून कोणी बोललं का?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“आमच्याकडे पाहुण्यांसमोर आतून कोणी बोलत नाही,” अण्णा म्हणाले. बोट खाली आलं. “मुलानेच सांगितलं. मी ऐकलं. विचारा यांना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातलं उपरणं काढलं. “मुलानेच,” मी म्हणालो.

“मुलानेच,” भटजी म्हणाले.

मुलाला स्वतःला थोडी शंका होती, पण बहुमत पाहून तोही गप्प बसला. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर अण्णा ओट्यावर माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, “तिला जायचंय हो.”

“तिला जायचं नाही, अण्णा,” मी म्हणालो. “तिच्या आईला चारचौघींत विहिरीवर जायचंय.”

त्यांनी मान हलवली. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, असं मला वाटतं.

लग्न झालं. गोदा ठाण्याला गेली. व्याह्यांनी ठाणेभर सांगितलं की कल्याणच्या त्या अवघड इंग्रजी परीक्षेत आमचा मुलगा एकटा पास झाला, आणि त्या लौकिकावर जावयाला कचेरीत कायमची जागासुद्धा मिळाली. पुढे तो हाताखालच्या उमेदवारांना इंग्रजीबद्दल चार गोष्टी सांगत असे म्हणतात.

अण्णा रविवारी ठाण्याला जात, बहुधा मला बरोबर घेऊन. तुम्हाला ती रीत ठाऊकच आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अण्णा ती कसोशीने पाळीत. तळ्यापासच्या त्या घराच्या ओसरीवर बसून ते व्याह्यांशी भाताच्या भावाबद्दल बोलत. व्याही मला पन्हं देत, अण्णा नुसते बघत. गोदा दारात येऊन उभी राही. वडीलधारी मंडळी बसलेली, तिने बोलायचं काय आणि यांनी विचारायचं काय? घटकाभराने आम्ही उठत असू. परतताना गाडीत अण्णा म्हणत, “चेहरा बरा आहे तिचा.” पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले.

एका आषाढात ताप येऊन अण्णा गेले. नातवाचा जन्म पुढल्या वर्षीचा. म्हणजे लेकीच्या घरचं पाणी त्यांच्या घशाखाली कधी उतरलंच नाही.

पण आम्ही शेवटचे गेलो तो त्या आषाढाआधीचा वैशाख होता. स्टेशनपासून चालत आलो, धुळीने पाय गुडघ्यापर्यंत भरले होते आणि तळवे पोळले होते. अण्णा ओसरीच्या पायरीशी वहाणा काढत होते. तेवढ्यात गोदा भरलेली घागर घेऊन बाहेर आली. नेहमी हे काम गडी करी. ती खाली वाकली आणि अण्णांच्या पायांवर पाणी ओतू लागली.

“अगं, ठेव, मी धुतो,” अण्णा म्हणाले.

तिने ऐकलं नाही. धूळ निघून गेली, पाय स्वच्छ झाले, तरी तिची धार थांबेना. आतून सासूबाई म्हणाल्या, “पुरे गं, पाणी लांबून आणावं लागतं.” अण्णांनी डोळे मिटले होते. गोदाने उरलेली घागरही त्याच धारेने रिकामी केली आणि आत गेली. अण्णा पायरीवरच बसले. मी माझं उपरणं पुढे केलं, पण त्यांनी पाय पुसले नाहीत.