मागे राहिलेला केर

लग्नानंतर मी डोंबिवलीला निघाले त्या सकाळी आई एसटीपर्यंत आली नाही. कापडे गावातल्या आमच्या घराच्या उंबऱ्यातच उभी राहिली. केरसुणी तिने आधीच दाराआड सारून ठेवली होती. माणूस निघाल्यावर लगेच केर काढायचा नाही, ही आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

"पोचलीस का निरोप धाड गो," ती म्हणाली, "तवर मी केर काढणार नाय."

तेव्हा निरोप पोचायला दिवस लागायचे. पुढे मोबाइल आले. दुपारी फोन करून "पोचले" म्हटलं की आई म्हणायची, "बरा झाला. आता काढते केर."

बाबा गेले आणि आई एकटी उरली. महाडच्या डॉक्टरांनी तिला बीपीच्या गोळ्या सुरू केल्या. मी रोज फोनवर विचारायचे, गोळी घेतलीस? घेतली गो. जेवलीस? "जेवान जात नाय. बीपीच असंल." झोप नाही, तीही बीपीनं. आपल्या वाडीत बीपीला मान आहे. बीपी म्हटलं की लोक पाट सरकवतात आणि बिनमिठाचं वेगळं काढतात. मन लागत नाही म्हटलं तर म्हणतात, हिला काम नाय वाटतं. आईनं मानाचा शब्द धरला.

त्या वर्षी गणपती करून आम्ही परतलो. आठवड्यानं शेजारच्या काकीचा फोन आला. "तुज्या आयशीनं अजून केर काढला नाय. लय माया गो तिची." मला भरून आलं. नवऱ्याला कौतुकानं सांगितलं, सोसायटीतल्या मैत्रिणींनाही सांगितलं.

दसऱ्याच्या आत आई गेली. बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झाला. फळीवर गोळ्यांच्या पट्ट्या तशाच होत्या, न फोडलेल्या.

पुढे माझंच बीपी वाढलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला आणि विचारलं, "काही करावंसं वाटतं का तुम्हाला?" मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, ही दोन दुखणी पुष्कळदा एकमेकांना धरून असतात. मन खचलं की माणूस जेवण टाळतो, गोळी टाळतो, आणि बीपी हाताबाहेर जातं. नैराश्यावरही औषध असतं.

आईच्या घरातला तो केर तेव्हा मला दिसला. ती रीत पाळत नव्हती. तिला उठवतच नव्हतं.

मी आता दोन्हींची औषधं घेते, बरी आहे. आईलाही बरं वाटलं असतं, हे काही केल्या मनातून जात नाही. मागं राहिलेल्यांनो, निघून आलेल्यांनो, घरच्या माणसाला गोळीचं विचारता, तसं मनाचंही विचारत जा.

यंदा शिमग्याला घर उघडलं. पालखी नाचली, नारळ दिला. निघायच्या सकाळी कुलूप लावण्याआधी मी केरसुणी घेतली आणि ओटीपर्यंत सगळं झाडून काढलं.

काकी अंगणातून म्हणाली, "गो, निघताना केर काढतंस?"

"मागं थांबायला कोण हाय, काकी?"

मी कुलूप लावलं. डोंबिवलीला उतरल्यावर सवयीनं फोन काढला, आईचा नंबर समोर आला. आपण पोचल्याचं कळेपर्यंत कुणीतरी केर काढायचं थांबलेलं असतं, तेवढंच माझं घर होतं. फोन पिशवीत टाकला आणि रिक्षाच्या रांगेत उभी राहिले.