पेज फेकणारे डॉक्टर

टेंभी नाक्यावरच्या आमच्या डॉक्टरांनी आल्याबरोबर रोग्याची नाडी पाहिली, असं कधी झालं नाही. ते आधी त्याच्या घरून आलेल्या डब्याचं झाकण उघडत. आत पेज निघाली की ती थेट खिडकीबाहेर जाई. सगळे त्यांना पाठीमागे 'पेजफेके' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

भल्याभल्यांना ते फैलावर घेत. "माणसं इथे दुखण्यानं मरत नाहीत, तुम्ही त्यांना उपाशी मारता," हे त्यांचं पालुपद.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. माझा दादा आंबिवलीच्या एका कारखान्यात वाफेनं भाजला आणि डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात आला. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की जखमांतून अंगातलं सत्त्व पाझरून जातंय, ते पोटातून भरलं नाही तर नवी कातडी येणार कशानं? मुंबईहून त्यांनी एक पावडर मागवली. दुधातलं सत्त्व आधीच पचवून सुकवलेलं, म्हणजे थकलेल्या पोटाला कष्ट नकोत. चवीला कडूजहर, आणि वास तर विचारूच नका. दर वेळी डॉक्टर स्वतः आधी एक घोट घेत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, "चल, आता तुझी पाळी." भाजलेल्या चेहऱ्यानं दादा हसायचा.

आम्हाला आई नव्हती. दादाजवळ आत्या बसे, आणि घरात तिचाच शब्द शेवटचा. दूध-वरण पोटात गेलं की जखमेत पू धरतो, हे तिचं ठाम मत. डॉक्टरांची पाठ वळली की ती पेला दवाखान्यामागच्या जास्वंदीला ओतून येई आणि दादाला पेज भरवी. त्याच्या भल्यासाठी, म्हणे! तिचा दादावर जीव होता, हे मला कळतं. त्यानं माझा राग तसूभरही कमी होत नाही. दादा वाळत गेला, जखमा उघड्याच राहिल्या.

एके दिवशी डॉक्टरांनी तिला ओतताना पकडलं. ओरडले नाहीत. "भाजलंय कोण, बाई? जास्वंदी?" एवढंच म्हणाले. मग स्वतः उशाशी बसून चमच्याचमच्यानं पाजू लागले, पण तोवर फार उशीर झाला होता. दादा गेला.

तेराव्याला त्यांना बोलावलं होतं. दादाच्या नावानं पान वाढलेलं होतं. वरण-भात, त्यावर तूप, वाटीभर बासुंदी. आत्या डोळे पुसत वाढत होती. डॉक्टर त्या पानापुढे उभे राहिले.

"आत्याबाई, या वरणानं आता पू नाही ना धरत?"

पाण्यालाही न शिवता ते निघून गेले. लोक म्हणाले, काळीज नाही या माणसाला. म्हणोत बापडे! घरात आजही कुणी अंथरुणाला खिळलं, की मी आधी भांड्याचं झाकण उघडते. आत पेज असली, तर खिडकी कुठे आहे ते मला ठाऊक आहे.