पाठ करून घेतलेली मुलगी

नोकरीत असताना मला तपासणीची भीती कधी वाटली नाही. साहेब येणार असं कळलं की आठवडाभर आधी आमची तयारी सुरू. साहेब काय विचारणार ते ठाऊकच असायचं. तेवढी उत्तरं मुलांकडून घोटून घ्यायची, हाताची घडी, ठणठणीत आवाज. उरणजवळच्या मिठागरांच्या गावांत मी अशी तीस वर्षं काढली आणि चांगली शिक्षिका म्हणून हारतुरे घेऊन घरी आले. हे आधीच सांगते, कारण पुढे जे बिघडलं ते या चांगलेपणामुळेच.

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी एक जोडपं दारात आलं. बायको माझीच जुनी विद्यार्थिनी. नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा. त्याचा बाप मिठागरात होता, मिठागर गेलं आणि हा कंटेनरच्या मागे लागला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी आल्या आल्या माझ्या दारातल्या चपला जोडीजोडीने लावत बसली. चौथीत होती. लहानपणी तिला झटके यायचे, तेव्हापासून सगळं हळू. आज शिकवलेलं अक्षर उद्या पुसलेलं असायचं.

"बाई, सर बोलतात घरीच ठेवा हिला," आई म्हणाली. "वर्गात बसत न्हाय, मधेच उठून भायेर जाते. पण घरी ठेवली तर हिचं कसं व्हायचं?"

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक तरुण, बोलायला नम्र. चहा पाजून त्यांनी मला सगळं समजावलं. अशा मुलांसाठी तालुक्याहून फिरती विशेष शिक्षिका येते, सोपी प्रश्नपत्रिका मिळते, पण यादीत नाव हवं. नावासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्रासाठी शिबिरात तपासणी व्हायला हवी. आणि शिबिर कधी, ते वरून कळवतील. वर कोण असतं ते मला तीस वर्षांत कळलं नव्हतं, ते आता कळायचं काय कारण.

मग अर्ज सुरू झाले. मजकूर मी सांगायचे, आई लिहायची, बाप नेऊन द्यायचा. मी त्याला पहिली गोष्ट शिकवली ती पोच घ्यायची: अर्जाची एक प्रत आपल्याकडे, तिच्यावर शिक्का, सही, तारीख. त्याला ते भांडण काढल्यासारखं वाटायचं. "सरांकडं शिक्का कसा मागू, बाई? राग येल त्यांना." बंदराच्या फाटकावर एका चुकीच्या कागदासाठी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस शाळेच्या पायरीवर चपला काढून उभा राहायचा. दोनदा तो पोचेशिवाय परत आला आणि दोन्ही अर्ज शाळेत कुणाला सापडले नाहीत. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले आणि शिक्का मिळेपर्यंत बाकावरून उठले नाही.

शिबिराची तारीख कळली आणि माझी जुनी खोड जागी झाली. आठवडाभर मी त्या मुलीला रोज संध्याकाळी घरी बोलावलं. नाव काय, गाव कुठलं, बाबा काय करतात, हाताला बोटं किती, वार सांग. एक उत्तर बरोबर आलं की एक चिक्की. तिला ते फार आवडायचं. पाचव्या दिवशी तिला ओळीने सगळं यायला लागलं आणि मला पहिलीचा निकाल शंभर टक्के लागल्याचा आनंद झाला. कशासाठी चाललंय हे सगळं, असं मला एकदाही वाटलं नाही. आईलाही नाही. मोठ्या माणसांपुढे मूल न्यायचं तर ते नीट दिसलं पाहिजे, हे आम्हा दोघींच्या हाडात भिनलेलं. तिने मुलीला नवा फ्रॉक घातला, वेणीत अबोली माळली.

शिबिरात रांग दारापर्यंत होती आणि डॉक्टर थकलेले. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, बोटं मोजायला लावली. पोरीने हाताची घडी घालून धडाधड उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "शाळेत काय आवडतं तुला?" हा प्रश्न आमच्यात नव्हता; बोटांनंतर आमच्यात वार होते. ती त्याच आवाजात म्हणाली, "सोमवार." डॉक्टर हसले. "चतुर आहे की," म्हणाले आणि कागदावर लिहिलं, विशेष मदतीची आवश्यकता नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर, हे आम्ही पाठ करून घेतलंय."

"मग पाठ होतंय ना? चांगलंच आहे," ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आईने कागद दोन्ही हातांत धरला होता. "बाई, पास झाली ना पोर?" नऊ वर्षांत त्या मुलीविषयी कुणी पहिल्यांदाच बरं लिहिलं होतं. बापाने तिथल्या तिथे पेढे आणले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्याने त्यात पेढा घातला, आणि मी तो खाल्ला. घरी पोचेपर्यंत तरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं चार दिवसांनी.

पाचवीच्या परीक्षेत ती नापास झाली, पुन्हा घेतलेल्या परीक्षेतही झाली, आणि तिला त्याच वर्गात ठेवलं. आम्ही सोप्या प्रश्नपत्रिकेसाठी गेलो की मुख्याध्यापक तोच कागद पुढे करायचे. "तुम्हीच आणलाय, बाई." फेरतपासणीसाठी पाच अर्ज केले. आता बाप पोच मागायला शिकला होता. पाचही पोचा फायलीत आहेत, उत्तर एकाचंही नाही. वर्गातली लहान मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची. तिचे कपडे ओले व्हायला लागले. सकाळी ती दाराची चौकट धरून बसायची आणि आईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागायची.

या जूनमध्ये आई एकटीच आली. फाईल माझ्यापुढे ठेवली.

"बाई, मना काय सुचत न्हाय. ती रोज रडते. तुमी सांगा. तुमी बोललात पाठव, तर पाठवीन, परत अर्ज करू. तुमी बोललात घरी ठेव, तर ठेवीन."

मला कायदा माहीत होता. तिचा शाळेवर हक्क आहे हे मीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि शाळा सुटली की अशी मुलगी घराच्या कोपऱ्यात कशी विरून जाते ते मी गावोगाव पाहिलेलं. फाईल उघडून सहावा अर्ज सांगायचा, एवढंच काम होतं. मी फाईल उघडली नाही.

"राहू दे तिला घरी," मी म्हटलं.

तिने मान हलवली. माझा शब्द तिने कधीच मोडला नव्हता. ती गेल्यावर मला रडू यायला हवं होतं. मी चहा टाकला, आणि आता पुन्हा त्या शाळेच्या बाकावर जाऊन बसायला नको, या विचाराने मला बरं वाटलं.