सदरा उलटा

फोन आला तेव्हा मी पिंपळवंडीत अंगणात चहा घेत बसलो होतो. "भाऊ, नामदेव सापडला," घाटघरहून त्याचा चुलतभाऊ बोलत होता. आदल्या रात्रीपासून त्याचा पत्ता नव्हता, म्हणून सापडला म्हटल्यावर मला आधी हायसंच वाटलं... पुढचं वाक्य यायला वेळ लागला. त्या फोनला आता महिना होत आला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं एकाच कचेरीत रुजू झालो. धरणाचं पाणी कालव्याला कधी आणि किती सोडलं तर टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या रानापर्यंत पोचेल, याचं गणिती प्रारूप आम्ही कॉम्प्युटरवर चालवायचो. असंख्य वेळापत्रकांतून सगळ्यात कमी पाणी वाया घालवणारं हुडकायचं. माझी पद्धत झटपट. प्रत्येक पावलाला नासाडी कमी होईल तिकडेच सरकायचं, उतार उतरल्यासारखं. जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर हातात. नामदेव मान हलवायचा. "राव, हे खळग्यात जाऊन बसतंय. खरी दरी पल्याड हाय." त्याची पद्धत मधूनच मुद्दाम चुकीचं पाऊल टाकून चढावर जायची आणि दिवसच्या दिवस खायची. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

हाच वाद एकदा त्याच्या घरी रंगला, तेव्हा भाकरी थापता थापता त्याची आई म्हणाली, "आरं, मशिनीला चकवा लागलाय तुमच्या. रानात फिरून फिरून तिथंच आलं, की आमी कापडं उलटी करून घालतो. मंग वाट घावती." नामदेव इतका खूश झाला, की चढावर उडी घेणाऱ्या भागाला त्यानं 'सदरा उलटा' असंच नाव दिलं. साहेबांनी अखेर त्याचीच पद्धत निवडली. मी हरलो, आणि त्या उन्हाळ्यात टेलच्या रानातला माझाच ऊस वाचला.

या श्रावणात तो गावी निघाला. एसटीतून पठारावर उतरला तेव्हा दिवस होता, पण धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. वाट लहानपणापासून पायाखालची. सकाळी तो एका खळग्यात बसलेला सापडला, गार पडलेला. भोवती चिखलात त्याच्याच पावलांचं रिंगण. रस्ता वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. आणि अंगातला सदरा उलटा... शिवण बाहेर, गुंड्या आतून नीट लावलेल्या. मला भीती वाटते ती त्या गुंड्यांची. त्या लावायला शांत हात लागतात. म्हणजे आपण अडकलोय हे त्याला कळलं होतं. मग तो चढला का नाही?

प्रारूप अजून चालतं. अडकलं की पडद्यावर त्यानं लिहिलेले शब्द उमटतात, सदरा उलटा. आकडे बिघडतात, वर चढत जातात आणि पलीकडे उतरतात. मी त्याच्या खुर्चीत बसून बघत राहतो आणि दर वेळी तोंडातून निघून जातं, "चढ, नाम्या... चढ."