औषधाशिवायची काच

धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ मूळचे साक्रीचे. माणसाच्या यकृतपेशींत मोडीत काढायच्या प्रथिनांना युबिक्विटिनची खूण लागते. ती तपकिरी रंगाने दाखवणं, हे त्यांचं काम. दर खेपेला एक काच ते खूण शोधणाऱ्या औषधाशिवाय रंगवत आणि तीच आधी पाहत; ती कोरी राहिली तरच बाकीच्या काचांवरचा रंग खरा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या शोधनिबंधात त्यांचं नाव प्रथमच छापून येणार होतं. माझ्या यादीत फक्त निबंधाचं पाकीट टपालात टाकणं उरलं होतं.

"ताई, हाई काच बी तपकिरी शे. बठ्ठं खोटं."

"सगळंच कसं खोटं? आणि ती काच सर कुठे बघतात?" मी म्हणाले.

"मी बघितली ना."

रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'यकृतातल्या विकरानेच रंग धरला. ते आधी निष्क्रिय करायला मी विसरलो.'

एरवी नुसती आद्याक्षरं टाकणाऱ्या माणसाने खाली पूर्ण नाव लिहिलं.